आमचा माल स्वतः बोलतो

निर्यात करायचं ठरलं ना? मग आता वेळ घालवू नका. पहिलं काम व्हिजिटिंग कार्डाचं. जुन्या कार्डावर नुसतं नाव आणि फोन नंबर होता, तेवढ्यावर समुद्र ओलांडता येत नाही. नावापुढे 'ग्लोबल' लावा, जमल्यास 'इंटरनॅशनल'ही लावा, दोन्ही एकत्र लावले तरी कोणी तक्रार करत नाही. कोपऱ्यात पृथ्वीचा गोल हवाच. पीक अजून फुलोऱ्यात आहे म्हणता? कार्ड छापून येईपर्यंत फळ धरेल.

कुणीतरी शहाणा विचारेल, कोणत्या देशात पाठवणार? "सगळ्या," असं ठणकावून सांगा. आधी एक देश निवडायचा, लावणीच्या आधी त्याच्या आयातीच्या अटी वाचायच्या, तिथल्या गिऱ्हाइकाला कोणता आकार नि कोणता रंग लागतो ते बघून वाण ठरवायचं, ही भित्र्या लोकांची रीत झाली. तुम्ही आधी पिकवा, मग तोडा, मग देश शोधा. फळमाशीच्या धास्तीने एखाद्या देशाने तुमच्या भागातल्या त्या फळाला दारच उघडलेलं नसतं, आणि किडीच्या जोखमीचा अभ्यास होऊन ते उघडायला वर्षं जातात. ही माहिती आपल्याच सरकारच्या पीक संरक्षण खात्यात एका चौकशीत मिळते. म्हणून तिकडे फिरकूच नका. पेट्या भरून झाल्यावर कळलं, तर निदान पेट्या भरण्याचं समाधान तरी पदरात पडतं.

आता एक वाक्य पाठ करा: "आमचा माल स्वतः बोलतो." खरेदीदाराने कागद मागितला की हे म्हणायचं. फवारणीच्या नोंदी मागितल्या, हेच. पाण्याचा तपासणी अहवाल मागितला, पुन्हा हेच. समोरचा गप्प बसतो. तो पटल्यामुळे गप्प बसत नाही, दुसऱ्या पुरवठादाराचा नंबर शोधत असतो. पण ते तुम्हाला कुठे दिसतंय?

फवारणीची वही ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती प्रमाणात, आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी, एवढं सगळं लिहीत बसलं तर शेती कधी करायची? डोक्यात असतं की सगळं. आणि औषधाच्या डब्यावर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते छापलेलंच असतं, तेवढं पाळलं की झालं. ते दिवस तुमच्या देशाच्या मर्यादेसाठी, म्हणजे फळात औषधाचा किती अंश उरलेला चालतो त्यासाठी, ठरवलेले असतात, माल जिथे चाललाय तिथल्या मर्यादेसाठी नव्हे, ही बारीकशी गोष्ट ज्याने त्याने आपल्या खर्चाने शिकायची असते. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. हिशेब करून बघा: १०० टन फळात एक ग्रॅम. म्हणजे चार-पाच कंटेनर भरतील एवढ्या मालात चिमूटभर पूड. एवढ्याशा गोष्टीला कोण बघतंय, असं तुम्ही म्हणाल. त्यांच्याकडे बघायला यंत्रं आहेत आणि यंत्रांना दुसरं काम नाही. शेजाऱ्याने भर वाऱ्यात केलेली फवारणी तुमच्या बांधाच्या कडेच्या चार ओळींवर आली असेल, तर तीही त्यांना दिसते.

अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ पासून कोडेक्स नावाची अन्नाची मानकं चालवली आहेत, तेव्हा जगभर नियम एकच असणार, असं कुणी ठामपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. कोडेक्सचा आकडा वेगळा, खरेदीदार देशाचा आकडा वेगळा आणि तिथल्या सुपरमार्केटचा आकडा त्याहूनही कडक, असं असू शकतं. पण तीन आकडे पाठ करण्यापेक्षा एकावर विश्वास ठेवणं सोपं.

नमुना तपासणीला द्यायची वेळ आलीच, तर स्वतः जा. ज्या कोपऱ्यात औषध मारायचं राहून गेलं होतं, तिथली फळं निवडा. अहवाल एकदम स्वच्छ येईल. तो लॅमिनेट करा, कार्यालयात लावा आणि माल मात्र दुसऱ्या प्लॉटचा भरा. तिकडच्या बंदरावर तुमच्या पेटीतून पुन्हा नमुना काढतील तेव्हा तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरेल. माल खरोखरच बोलतो. औषधांचे अंश शोधणाऱ्या क्रोमॅटोग्राफ यंत्रासमोर तर तो एकही औषध लपवत नाही, तुम्ही विसरलेलीसुद्धा सांगतो.

कंटेनर भरत नसेल तर घाबरू नका. छोट्या उत्पादकाची ही नेहमीची अडचण, आणि तिच्यावर दोन उपाय आहेत. चार-पाच उत्पादकांनी हंगामाच्या आधी एकत्र बसायचं, एकच फवारणीचं वेळापत्रक पाळायचं आणि प्रत्येकाच्या मालाला वेगळा लॉट क्रमांक द्यायचा, हा एक. यात बैठका फार होतात. दुसरा उपाय सुटसुटीत आहे: भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्याकडे माल शिल्लक असेल त्याच्याकडून उचलायचा आणि सगळ्या पेट्यांवर एकच लॉट क्रमांक ठोकायचा. युरोपीय संघाचा अन्न कायदा २००५ पासून सांगतो की माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, दोन्ही बाजूंचा एकेक दुवा दाखवता आला पाहिजे. तुमचा दुवा काय, तर "तो, पलीकडच्या रस्त्यावरचा." वेगळे लॉट असते तर एका लॉटमध्ये दोष निघाल्यावर तेवढाच बाजूला काढता आला असता. एकच क्रमांक असला की सगळा कंटेनर एका दिलाने बाद होतो. सहकाराचं याहून सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

प्रमाणपत्राचंही तसंच. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र सुरू केलं, २००७ मध्ये त्याचं ग्लोबलगॅप झालं. ते सरकारी सक्तीचं नाही, पण मोठ्या दुकानांच्या फळीवर पोचायचं तर बहुतेक वेळा लागतं. त्याचा तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री 'हात धुवा' अशी पाटी नळाच्या वर लावा. नळाला पाणी आहे का, हा प्रश्न पाटीत येत नाही. वर्षभराच्या नोंदी त्याच रात्री, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून काढा. तपासनिसाला ते कळत नाही अशी आपली समजूत आहे आणि समजुतीला तपासणी नसते.

पेटीच्या छपाईवर मात्र खर्च करा. चार रंग, वर्ख, फळाचा फोटो फळाहून मोठा. खरा खर्च पुठ्ठ्याच्या ताकदीवर करावा, असं पॅकहाउसवाले म्हणतात. थंडी नि दमट हवा यांत पुठ्ठा आठवडेच्या आठवडे राहिला की त्याचा जोर उतरतो आणि थप्पीतली खालची पेटी बसते. बसू दे. वरच्या पेटीवरचा वर्ख तरी शाबूत राहील.

पेट्यांची थप्पी ज्यावर रचतात ते लाकडी पॅलेट मिळेल ते घ्या. लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सिअसला तापवून किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करून त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारलेला असावा लागतो, वगैरे बारकावे आहेत. शिक्का नसलेल्या पॅलेटपायी आतला निर्दोष माल अडकतो. आता लाकडासाठीही कागद म्हटल्यावर काय बोलायचं!

खरी मजा रीफर कंटेनरमध्ये आहे. तो म्हणजे चाकांवरचा मोठा फ्रीज, असं समजा. शेतातून दुपारी आणलेलं, उन्हाने तापलेलं फळ थेट त्यात भरा, तापमानाचा आकडा लावा आणि दार बंद करा. रीफरचं यंत्र आधीच गार केलेला माल गार ठेवण्यासाठी असतं, गरम माल गार करण्याची ताकद त्यात नसते. म्हणून भरण्याआधी प्रीकूलिंग करतात. पण प्रीकूलिंगला वेळ लागतो आणि जहाज चुकेल. आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नसतो. तुम्ही रचा. थंड हवा फरशीच्या खाचांतून येते, पेट्यांच्या भोकांमधून वर चढते आणि त्या रेघेवरच्या मोकळ्या जागेतून परत जाते. तुम्ही छतापर्यंत भरलं आणि एका पेटीची भोकं दुसरीशी जुळू दिली नाहीत, की हवेला फिरायला जागाच उरत नाही. शिवाय जागा वाया न घालवल्याचं श्रेय तुम्हाला.

एकाच कंटेनरमध्ये थोडी केळी, थोडी सफरचंदं, असा आहेर पाठवण्याची कल्पनाही चांगली आहे. केळ्यांना साधारण १३-१४ अंश लागतात, त्याखाली गेली की साल काळवंडते. सफरचंदं शून्याच्या आसपास खूश असतात आणि शेजाऱ्याला पिकवणारा इथिलीन वायू सोडतात. तापमान मधोमध सात अंशांवर ठेवा. दोघांवरही सारखाच अन्याय होईल, म्हणजे न्यायच झाला.

प्रवासाचे दिवस वेळापत्रकात छापलेत तेवढेच धरा. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस वाहतूक तुंबली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. असल्या गोष्टी दुसऱ्यांच्या मालाच्या बाबतीत घडतात. फळ नेमकं छापील तारखेला पिकेल अशा बेताने तोडा.

आता भाव. खरेदीदाराला सरळ सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडं धरून, भाव द्या, ऐकायला भारदस्त वाटतो. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ मध्ये इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च नि जोखीम कुणाची हे सांगणाऱ्या व्यापाराच्या संज्ञा, आणल्या. २०२० च्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. अकराही वाचायची गरज नाही, तीन अक्षरं कळली की पुरे. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरायचा, जोखीम मात्र माल तुमच्याकडच्या बंदरात जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जाते. पण त्यात जो किमान विमा काढावा लागतो, तो आग, बुडणं, टक्कर अशा ढोबळ संकटांचा असतो. फळ वाटेत सडलं तर त्यात बसत नाही. म्हणजे कागदावर जोखीम खरेदीदाराची, विमा कुचकामी आणि पैसे अजून यायचे आहेत. अशा वेळी सडलेल्या फळाचा तोटा खरेदीदार आपल्या खिशातून आनंदाने भरेल, असं मनापासून धरून चाला.

पैशांचं पुढे बघू. समोरचा माणूस फोनवर फार गोड बोलतो, तेव्हा आगाऊ रक्कम मागून त्याचा अपमान करू नका. विकेल तसे पैसे, अशी बोली असेल तर आणखीच उत्तम. भाव तो सांगेल, घट तो सांगेल, सडलेल्या पेट्यांचे फोटोही तोच काढेल. त्याचं बाजारात नाव कसं आहे हे विचारणं, पैसे बुडाले तर भरपाई देणारा पत-विमा काढणं, हे सगळं माणुसकीवर अविश्वास दाखवण्यासारखं आहे.

घरातल्या कुणी फारच आग्रह धरला, तर लेटर ऑफ क्रेडिट घ्या, पण वाचू नका. बँकेने पैसे द्यायचं कबूल केलं म्हणजे आले, असं समजा. या व्यवहाराचे यूसीपी ६०० हे नियम २००७ पासून लागू आहेत आणि त्यांत स्वच्छ लिहिलंय की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. फळ कितीही रसाळ असो, बँकेच्या टेबलावर ते येतच नाही. तिथे येतं ते तुमचं बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), फायटो (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला). बिलावर एक वजन, पॅकिंग लिस्टवर दुसरं, माल चढवायची शेवटची तारीख उलटून दोन दिवस झालेले: बँकेकडे कागद तपासायला पाच कामाचे दिवस असतात, तिला दुपारची वेळ पुरते. मग चुकांची यादी येते आणि तिच्या मागोमाग खरेदीदाराचा फोन. "चुका मान्य करतो, पण भावात जरा बघा." बघा. माल समुद्रात आहे, तुम्ही जमिनीवर आहात, आणि जहाज कोणासाठी मागे फिरत नाही.

हे सगळं नीट पाळलंत तर बहुधा पहिलाच कंटेनर पलीकडच्या बंदरावर अडवला जाईल. दोन पर्याय कळवले जातील: परत न्या किंवा नष्ट करा, खर्च तुमचा. तुम्ही विचार करत असताना रीफरला वीज चालू असते आणि तिचं भाडं, जागेचं भाडं, कंटेनर अडवून ठेवल्याचा दंड रोज वाढत जातो. म्हणून विचार सावकाश करा, क्लिअरिंग एजंटचे फोन उचलू नका, खरेदीदारावर लांबलचक निषेधपत्र लिहा आणि त्यात "आमचा माल स्वतः बोलतो" हे वाक्य ठळक अक्षरांत टाका. परत आणण्याचं भाडं मालाच्या किमतीहून जास्त निघाल्यावर नष्ट करण्याला संमती द्यालच. मग काही दिवसांनी तिकडून एक दाखला येईल. त्यात कंटेनरचा क्रमांक, पेट्यांची संख्या, निव्वळ वजन, लॉट, नष्ट केल्याची तारीख, वेळ आणि पद्धत, सगळं एकमेकांशी तंतोतंत जुळणारं असेल. तुमच्या सबंध धंद्यातला तेवढा एकच कागद बिनचूक असेल. फाइल करून ठेवा. पुढच्या खेपेला कुणी नोंदी मागितल्या तर दाखवायला काहीतरी झालं.