मोडका खांब म्हणजे नुसती नश्वरता नव्हे

चित्रात मोडका खांब किंवा झिजलेली कमान दिसली की ‘शेवटी सगळं नश्वर’ असं म्हणून मोकळं व्हायची सवयच लागली आहे आपल्याला. मला हा शुद्ध आळस वाटतो. जुन्या इमारतींची नक्षी ज्यांनी जीव ओतून रंगवली, त्यांना एवढंच सांगायचं असतं तर एक कवटी काढून भागलं असतं.

फ्लेमिश चित्रकार यान व्हॅन आइकचं १४३५च्या सुमाराचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं चित्र घ्या. उंची जेमतेम ६६ सेंमी. डावीकडे बर्गंडीच्या राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य कारभारी, निकोला रोलाँ गुडघे टेकून बसलाय, समोर मेरी आणि बाळ येशू. आता चॅन्सेलरच्या डोक्यामागच्या खांबांचे माथे नीट बघा. दगडात कोरल्यासारखी बारीक चित्रं आहेत: बागेतून हाकललेले आदम आणि ईव्ह, भावाचा जीव घेणारा केन, दारू पिऊन पडलेला नोहा. ज्यानं पैसे मोजले त्याच्याच डोक्यावर पापांची यादी! आणि खांबाच्या तळाशी चिरडलेले इवलेसे ससे. ते वासनेचं प्रतीक मानले जातात. हे रोलाँनं सांगून करवून घेतलं की चित्रकारानं हळूच सरकवलं, यावर वाद घालायला मजा येते. माझं मत विचाराल तर सांगूनच. देवापुढे पापी म्हणून बसणं ही त्या काळी बड्या माणसांना शोभणारी गोष्ट होती.

याच चित्रकाराचं वॉशिंग्टनमधलं मेरी आणि देवदूताचं चित्र तर आणखी बिलंदर आहे. त्यातल्या चर्चमध्ये वर जुन्या धाटणीच्या गोल कमानी आहेत आणि खाली येताना त्या तेव्हाच्या नव्या, ‘गॉथिक’ पद्धतीनं टोकदार होऊ लागतात. खरी इमारत पायापासून वर चढते, म्हणजे जुनं काम खाली हवं. इथे उलटं, कारण बायबलच्या जुन्या करारातून नवा करार खाली उतरतोय. वर देवाची एकच खिडकी, खाली मेरीमागे तीन: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. कला-इतिहासकार एर्विन पॅनॉफस्कीनं अशा दडवलेल्या प्रतीकांचा माग काढला आणि मग प्रत्येक फरशीत, प्रत्येक फळात अर्थ शोधायची साथच आली. तेही अतीच. पण इथे तो अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

इटालियन चित्रकार मांतेन्याचा लूव्रमधला सेंट सेबॅस्टियन मला सगळ्यात आवडतो. बाणांनी विंधलेला संत कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या प्राचीन धाटणीच्या, खांबाला बांधलाय. त्याच्या जिवंत पावलांशेजारी फुटक्या पुतळ्याचं दगडी पाऊल पडलंय. उपदेश उघड आहे: जुने देव कोसळले, श्रद्धा उभी राहिली. मग खांबाच्या माथ्यावरची ती अकँथस या काटेरी झुडपाची पानं एवढ्या मायेनं कशाला रंगवावीत? ज्या रोमचा पराभव दाखवायचा, त्याच रोमच्या प्रेमात हा माणूस आकंठ बुडालेला. तोंडाने एक आणि हाताने दुसरंच, ही ओढाताण हाच मला त्या चित्राचा खरा विषय वाटतो.

आणि फ्रेंच चित्रकार ह्युबेर रोबेर! भग्नावशेष रंगवण्यावरच त्याचं नाव झालेलं. त्यानं १७९६च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लूव्रच्या मोठ्या दालनाची दोन चित्रं ठेवली. एकात दालन कसं सुधारावं याची कल्पना, दुसऱ्यात तेच दालन भविष्यात पडून गेलेलं, आणि ढिगाऱ्यात बसून कुणीतरी अपोलोच्या पुतळ्याचं चित्र काढतंय. रोबेर त्या संग्रहालयाच्या कामात स्वतः होता, त्यामुळे हे निव्वळ उसासे टाकणं नाही. ‘ही इमारत रोमसारखी पडण्याच्या लायकीची आहे’ हा दावाच आहे तो. सुधारणेच्या चित्रात त्यानं छताला काचा लावून वरून उजेड आणलाय. पडक्या चित्रातही उजेड वरूनच येतो, फक्त तिथे छतच उरलेलं नाही.