खेळणाऱ्याचा पत्ता कुणाकडे?

डिसेंबरात पुण्याला आले होते. लक्ष्मी रोडवर आईसाठी साडी घेतली. बिल करताना काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत दादाने माझा हात दाबला. "देऊ नकोस गं, उद्यापासून मेसेज सुरू होतील."

दादाचं चुकलं नाही. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्याला मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगावं लागलं होतं. पण या त्राग्यातून घरी सगळे ज्या निष्कर्षाला येतात, की विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा नंबर किंवा ईमेलचा पत्ता मिळूच नये, तो मला पटत नाही.

मी कोलोनला राहते. नोकरी सांभाळून एका मैत्रिणीबरोबर कोड्यांचा छोटा गेम बनवलाय, तो एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून विकतो. एप्रिलमध्ये आमच्या अपडेटमध्ये चूक राहिली आणि लोकांचा साठवलेला खेळ पुसला जाऊ लागला. दुरुस्ती तासाभरात चढवली. गेलेला खेळही परत मिळत होता, फक्त गेम पुन्हा सुरू करण्याआधी एक फाइल बाजूला काढायची. तसाच सुरू केला तर ती फाइलही जायची. एवढं एक वाक्य कळवायचं होतं आणि आमच्याकडे कुणाचाच पत्ता नव्हता. दुकानातल्या गेमच्या पानावर सूचना लावली, पण गेम उघडायच्या आधी ते पान कोण बघतं? सोमवारी एका आजोबांचा निरोप आला. नातीबरोबर चार महिने रोज संध्याकाळी खेळत होते. सगळं गेलं.

स्टीमसारखं गेमचं ऑनलाइन दुकान किमतीतले साधारण ३० टक्के ठेवतं, पण गिऱ्हाइकाचा ईमेल डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, देत नाही. कारण खासगीपणाचं सांगितलं जातं. मात्र विशलिस्टमधला, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवलेला, गेम २० टक्के किंवा जास्त स्वस्त झाला की दुकानाचा ईमेल बरोबर येतो. म्हणजे पत्र येतंच, लिहिणारा फक्त दुकानदार असतो. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली इच.आयओ या छोट्या डेव्हलपरांच्या गेमच्या दुकानाने प्रौढांसाठीचे गेम एकाएकी आपल्या साइटवरच्या शोधातून काढले. ते गेम कसे होते हा वाद वेगळा. पण दुकानाने पडदा ओढला की छोट्या डेव्हलपरची खेळणाऱ्यांशी गाठच तुटते, हे तेव्हा दिसलं.

जर्मनीत संमतीशिवाय जाहिरातीचा ईमेल सहसा पाठवता येत नाही. पत्ता दिला तरी आधी एक दुवा येतो, तो दाबून दुजोरा दिला तरच नाव यादीत जातं. नको झालं की एका क्लिकमध्ये बाहेर. म्हणून इथे मी बेकरीलासुद्धा बिनघोर पत्ता देते. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. भांडायचं तर ते नीट पाळले जावेत म्हणून भांडूया.

दुकानांनी खरेदीच्या पानावर एक चौकट ठेवावी, टिक न केलेली: 'गेम बनवणाऱ्यांना मला लिहू द्या.' तोवर आम्ही तशी चौकट गेमच्या मेनूत ठेवली आहे. त्या आजोबांनी पत्ता दिला. जूनच्या अपडेटच्या आदल्या दिवशी त्यांना ईमेल गेला: उद्या नवीन भाग येतोय, आज फाइलची प्रत काढून ठेवा, ती अशी काढायची.