'ग्राहक जादा पैसे मोजायला तयार आहेत': खरंच?

"पर्यावरण-प्रमाणित बीफला ग्राहक जादा दर द्यायला तयार आहेत, लेबल लावा, जंगलं आपोआप वाचतील," हा दावा सध्या भरपूर फिरतोय.

'सर्वेक्षणात लोकांनी होकार दिला.' होकाराला पैसे पडत नाहीत. खरी तयारी मोजायची रीत 1964 पासून माहीत आहे: ग्राहक आपली कमाल किंमत लिहून देतो, मग चिठ्ठी काढून दर ठरतो आणि तो लिहिलेल्या आकड्याच्या आत असेल तर त्या दराने माल घ्यावाच लागतो. खिशाला हात लागला की आकडे सहसा खाली येतात.

'जादा दरातून खर्च निघतो.' गाडं अडतं ते इथे. प्रमाणित होतं अख्खं जनावर, विकलं जातं तुकड्यांत. 360 किलोच्या धडातून हाडं-चरबी वगळून साधारण 240 किलो मांस निघतं. फिलेसारखा महाग भाग धडाच्या जेमतेम 2 टक्के. समजा लेबलखाली 48 किलोच खपलं आणि उरलेलं 192 किलो नेहमीच्या दराने खिम्यात गेलं. प्रमाणनाचा खर्च किलोमागे 10 असेल, तर त्या 48 किलोंवर किलोमागे 50 वसूल करावे लागतात. म्हणून कुठल्याही योजनेला पहिला प्रश्न हाच विचारावा: लेबल लावलेला खिमा खपतो का?

'गवतावर वाढलेलं म्हणजे कमी उत्सर्जन.' उलट अशी जनावरं वजनाला यायला जास्त दिवस घेतात आणि तेवढे दिवस मिथेन सोडत राहतात.

'लेबल आहे म्हणजे जंगल तोडलेलं नाही.' ब्राझीलमध्ये वासरू बहुतेकदा एका फार्मवर जन्मतं, दुसऱ्यावर वाढतं, तिसऱ्यावर पुष्ट होतं. जंगल तोडणाऱ्या फार्मकडून जनावरं न घेण्याच्या 2009 च्या करारानंतर मोठ्या मांसकंपन्या थेट विकणाऱ्या फार्मवर नजर ठेवू लागल्या. त्यामागचे फार्म सुटले. तोडलेल्या जंगलातली वासरं शेवटच्या 'स्वच्छ' फार्मवरून बिनबोभाट कत्तलखान्यात पोचतात. वाहतुकीचा परवाना निघतो तो कळपाचा, एकेका जनावराचा नव्हे. त्यामुळे कागदावरून माग काढता येत नाही.

यावर उपाय आहे: प्रत्येक वासराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला आणि दर हस्तांतराची नोंद. उरुग्वेने 2006 मध्ये कायदा करून हे सक्तीचं केलं, बिल्ले सरकारने फुकट दिले. ती सक्ती आली 2001 च्या लाळ-खुरकुताच्या साथीनंतर, निर्यातीचा बाजार सांभाळायला. हिरव्या लेबलसाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचा त्यात हात नव्हता.