आवाज गेलाय म्हणे

आज दुपारी ऑफिसात जरा निवांत होतं म्हणून अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचा 'लेडी इन सॅटिन' हा अल्बम अगदी हळू आवाजात लावला होता. पलीकडच्या टेबलावरून लगेच आलं, "बंद कर ना, या बाईचा आवाज पार गेलाय." तेव्हा गप्प बसले, पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

फेब्रुवारी १९५८, न्यूयॉर्क. बिली ४२ वर्षांची. दारू, हेरॉइन, तुरुंगवास आणि त्यापायी शहरातल्या क्लबांत गाण्याचा परवाना गेलेला. एवढं सगळं भोगून झाल्यावर तिने स्वतः हट्ट धरला की मला संगीत संयोजक रे एलिसचा ऑर्केस्ट्रा हवा, व्हायोलिन्स हवीत. इतक्या गुळगुळीत सुरांपुढे खरखरीत आवाज उघडा पडतो, हे तिला कळत नसेल?

पहिलंच गाणं ऐका, 'आय ॲम अ फूल टू वाँट यू'. ओळीच्या शेवटी श्वास पुरत नाही, तर ती उगाच ओढत बसत नाही. अक्षर तिथेच सोडते. पुढची ओळ ठेक्याच्या मागून, उशिरा उचलते आणि नेमकी जागेवर आणून ठेवते. आवाज गेला असेल हो, गाणं कुठे गेलंय?

आमच्या गाण्याच्या बाईंचं घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेनासा झाला. त्या वर्षीच्या कार्यक्रमाला आयोजक म्हणाले, "बाई, तुमचा सत्कार करू, गायचं मात्र नको." शाल, श्रीफळ, आणि बसा खुर्चीत. त्याच आठवड्यात शिकवणीत बाईंनी मारवा रागातला कोमल रिषभ मंद्रात, खालच्या सप्तकात, असा काही लावला होता, की पेटीवरचा माझा हात थांबला. ते ऐकायला आयोजकांपैकी कुणी नव्हतं.

मान्य, १९३०च्या दशकातली, पियानोवादक टेडी विल्सन आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगबरोबरची बिली चपळ आहे, खट्याळ आहे. 'लेडी इन सॅटिन'मधली व्हायोलिन्स काही ठिकाणी गोडमिट्ट होतात, तेही मान्य. खुद्द रे एलिस रेकॉर्डिंग झाल्यावर तिच्या गाण्यावर नाराज होता. पण काही आठवड्यांनी त्याने अल्बमचं अंतिम मिश्रण ऐकलं आणि त्याचं मत फिरलं. निदान त्याने ऐकलं तरी! बाईंच्या बाबतीत तेवढेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

त्या पलीकडच्या मुलावर खरं तर राग नाही माझा. लहानपणापासून त्याने स्पर्धाच पाहिल्यात, वरची पट्टी लागली की टाळ्या. पिकलेल्या आवाजाला नमस्कार करायचा आणि ऐकायचं मात्र कोवळ्यालाच, हे त्याला आपणच शिकवलंय.

जुलै १९५९मध्ये बिली गेली, ४४व्या वर्षी. हॉस्पिटलच्या खाटेवर असतानाच तिला अटक झाली होती, खोलीबाहेर पोलीस बसवले होते. तेव्हा 'लेडी इन सॅटिन' येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. 'यू'व्ह चेंज्ड' ऐकताना मला हे दरवेळी आठवतं. तरी सांगते, दया येऊन ऐकू नका. तिची फेक ऐका, शब्द कुठे सोडते ते ऐका.

आणि बाईंचा तो कार्यक्रम चांगला तीन तास चालला. आभारप्रदर्शनच वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं बाईंच्या मारव्याला देता आली नसती?