द्राक्षगर्भानंतरच्या तपासण्या 'लूट' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या महिलांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या भावजयीची द्राक्षगर्भासाठी (मोलर प्रेग्नन्सी, म्हणजे नीट बाळ न धरता वारच द्राक्षाच्या घोसासारखी वाढते ते) पिशवी साफ केलेली, आणि तिला तो पाठवला माझ्याच सख्ख्या मावशीने, वर "वाच गो बाय, उगाच रक्त देत फिरू नको" अशी पुस्ती जोडून. मेसेज सांगतो: पिशवी साफ झाली, पाळी आली की आजार संपला. बीटा एचसीजी (गर्भारपणात वाढणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची रक्ततपासणी) म्हणजे लॅबवाल्यांची कमाई, या तपासण्यांना अंतच नसतो, शंका असेल तर घरीच दिवस राहिल्याचं बघायची पट्टी लावा. गरम खाल्ल्याने हे होतं, म्हणून अमुक काढा प्या. आणि मन रमायला लगेच दिवस राहू द्या. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, 'जनहितार्थ' तेवढं आहे.

लगेच दिवस राहू द्या, हा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. द्राक्षगर्भात वारेच्या पेशी बेसुमार वाढतात आणि त्याच एचसीजी बनवतात. साफ केल्यावरही काही पेशी मागे राहून पुन्हा वाढू लागल्या, तर ते पहिलं कळतं रक्तातल्या याच आकड्यावरून. आता नवा गर्भ राहिला तर त्याची वारही एचसीजीच बनवणार. आकडा चढला तर तो बाळाचा की आजाराचा, सांगा बघू! उरलेल्या पेशी फुप्फुसापर्यंत पोचू शकतात, आणि आपण तिकडे डोहाळजेवणाची तयारी करत बसायचं? तपासण्या संपेपर्यंत थांबा म्हणतात ते यासाठी. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा नॉर्मलला आल्यावरच.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्सची 2020 सालची मार्गदर्शिका सांगते की पूर्ण द्राक्षगर्भानंतर (यात बाळ धरलेलंच नसतं) शंभरातल्या 13 ते 16 जणींना पुढे केमोथेरपी लागते. अंशतः द्राक्षगर्भात (यात बाळाचा काही भाग असतो) फार तर एखादीला. म्हणजे बहुतेक जणी नुसत्या साफ करण्याने बऱ्या होतात, हे मेसेजवाल्याचं खरं. पण आपण त्या 13 ते 16 मधल्या आहोत की नाही, हे आकडा बघितल्याशिवाय कुणाला कळलंय? वेळेत कळलं तर कमी धोक्याच्या गटातल्या जवळपास सगळ्या जणी बऱ्या होतात, बहुतेकदा मेथोट्रेक्सेटसारख्या एकाच औषधावर.

आता ती पट्टी. साधारण 25 च्या वर एचसीजी असलं की तिच्यावर दुसरी रेघ उमटते. नॉर्मल म्हणजे 5 च्या खाली. मधला 15 पट्टीला दिसतच नाही. आणि 400 असो की 4000, रेघा दोनच. डॉक्टर बघतात ते आकडा उतरतोय का हे. समजा तीन आठवड्यांतले चार रिपोर्ट 410, 398, 405, 412 असे आले, तर आकडा अडकलाय, आणि तेवढ्यावरून उपचार ठरतात. यातलं पट्टी काय सांगणार, कपाळ! पाळीचंही तेच. अधूनमधून अंगावर जाणं हे मागे राहिलेल्या आजाराचंच लक्षण असू शकतं, आणि बाई समजते पाळी आली.

तपासण्यांना अंत नसतो, हेही खोटं. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे पूर्ण द्राक्षगर्भात साफ केल्यापासून 56 दिवसांत आकडा नॉर्मल झाला तर साफ केल्या तारखेपासून सहा महिने. उशीर लागला तर नॉर्मल झाल्यापासून सहा महिने. अंशतः असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन नॉर्मल रिपोर्ट आले की सुटका. कुणी सरसकट वर्षभर रक्त काढायला लावत असेल तर "का?" असं जरूर विचारावं. सत्तरीतल्या गावातून एका सुईसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, रोजावर जाणारीची मजुरी बुडते, ही तक्रार मला मान्य आहे. रक्त जवळच्या लॅबमध्ये दिलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. फक्त दरवेळी लॅब तीच ठेवा, कारण लॅब बदलली की आकड्यांची तुलना फसते.

गरम खाण्याबद्दल काय बोलायचं! पूर्ण द्राक्षगर्भात बहुतेक वेळा सगळी गुणसूत्रं पुरुषबीजाकडून आलेली असतात. तिच्या ताटात काय होतं याचा संबंधच नाही, आणि नवऱ्याचाही यात दोष नाही. काढ्याने आकडा उतरत नाही.

पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. पुढच्या वेळी दिवस राहिले की सोनोग्राफी लवकर करून घ्यायची, इतकंच.