परिवाराचा ग्रुप: नव्या ॲडमिनसाठी सूचना

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, त्यामुळे कुणाला वगळण्याचं कारण नाही. चुलत, मावस, आते, मामे आणि 'आपल्याच गावचे' असे सगळे कोंबा. विचारत बसू नका. नंबर मिळाला म्हणजे संमती मिळाली.

वाढदिवसाला फोन करू नका. हल्ली फोन वाजला की समोरचा आधी "काय झालं? सगळं ठीक ना?" विचारतो. केकचं चित्र पुरे. फक्त ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो उजवीकडे सरकवून मगच लिहा. नाहीतर सकाळी दहावीचा निकाल, दुपारी आत्याबाईंच्या सासऱ्यांचं निधन, आणि संध्याकाळी ऑफिसातून सुटलेले मामा थेट तळाशी येऊन "अभिनंदन! पेढे कधी?" टाकून मोकळे.

लग्नाची पत्रिका पीडीएफ करून टाका, खाली 'हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं'. अक्षता घेऊन दारोदार फिरण्याचा त्रास वाचतो. दोन दिवसांनी आपलाच मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. ब्लू टिक बंद ठेवणारे शहाणेसुद्धा ग्रुपमध्ये सुटत नाहीत. कुणी वाचलं, किती वाजता, सगळं दिसतं. पूर्वी रुसायला अंदाज बांधावा लागे, आता पुरावा हाताशी असतो.

फॉरवर्ड एका वेळी पाचच जणांना जातो. दोन बाणांची खूण आलेला तर एकालाच. घाबरू नका, कॉपी करून पेस्ट करा. खूण जाते आणि मजकूर तुमचाच वाटतो. कुणी खात्री विचारली तर "आला तसा पाठवला" म्हणावं. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं, त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज असेच फिरत होते. पाचाची मर्यादा भारतात त्याच महिन्यात आली. ते मेसेजही लोकांनी काळजीपोटीच पाठवले असणार, आणि आले तसेच.

कुणी ग्रुप सोडला तर आता फक्त ॲडमिनला कळतं. ही सोय तुमच्यासाठीच आहे. लगेच "धाकट्या सूनबाई का गेल्या बरं?" असं सगळ्यांसमोर विचारा आणि त्यांना परत ॲड करा. पुन्हा गेल्या तर त्यांच्या सासूबाईंना फोन लावा. अशा कामाला मेसेज चालत नाही.