लिंकनच्या हट्टामुळे युद्ध झालं, हे खरं नाही

अब्राहम लिंकनबद्दलचा एक युक्तिवाद सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लिंकनच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी मधला मार्ग काढत देश एकत्र ठेवला होता. दक्षिणेतली राज्यं बाहेर पडली ती आयात जकातीमुळे आणि राज्यांच्या हक्कांसाठी, गुलामगिरीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ब्रिटनसारखे पैसे मोजून गुलाम सोडवता आले असते. लिंकनला स्वतःला गुलामगिरीचं काही देणंघेणं नव्हतं आणि त्याच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने एकही माणूस सुटला नाही. थोडक्यात, एका माणसाच्या हट्टापायी अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि सहा लाखांहून अधिक लोक मेले.

‘आधीच्यांनी मधला मार्ग काढून शांतता राखली’

शांतता कुणासाठी राखली, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यातले साडेएकोणचाळीस लाख लोक गुलाम होते. हे लोक हिशेबात धरले की १८५० च्या दशकातला जवळपास प्रत्येक मधला मार्ग मालकांच्या दाराशी जाऊन थांबलेला दिसतो.

लिंकनच्या आधीचे तीन राष्ट्राध्यक्ष पाहा, तिघेही उत्तरेतले. मिलर्ड फिलमोर न्यूयॉर्कचा. सप्टेंबर १८५० मध्ये त्याने फरारी गुलामांच्या कायद्यावर सही केली. जीव मुठीत धरून मुक्त राज्यात, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात, पोचलेल्या माणसालाही या कायद्याने पकडून परत नेता येत होतं. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, त्याला ज्युरीही मिळत नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर मिळत आणि सोडून दिला तर ५. पाठलागात मदत करण्याची सक्ती सामान्य नागरिकांवरही होती. याला तडजोड म्हणायचं असेल तर तिची किंमत कुणी मोजली तेही सांगायला हवं.

त्याच्यानंतरचा फ्रँकलिन पिअर्स न्यू हॅम्पशायरचा. १८२० च्या मिसुरी तडजोडीने पश्चिमेकडच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली होती. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती उठली आणि त्यासाठी पिअर्सने आपलं सगळं वजन खर्ची घातलं. गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावं, अशी ती योजना होती. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससमध्ये मतदान झालं. पात्र मतदार २,९०५ आणि पडलेली मतं ६,३०० हून अधिक! शेजारच्या मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या आल्या आणि मतं टाकून परत गेल्या. पिअर्सने त्याच मतदानातून आलेलं विधिमंडळ वैध मानलं. बोस्टनमध्ये पकडलेल्या अँथनी बर्न्स या फरारी गुलामाला १८५४ साली व्हर्जिनियाला परत पाठवायचं होतं, तेव्हा मात्र याच पिअर्सने फेडरल सैनिक पाठवले होते.

तिसऱ्या, जेम्स ब्यूकॅननबद्दल माझं मत अधिक कठोर आहे. ४ मार्च १८५७ रोजी शपथविधीच्या भाषणात तो म्हणाला की नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आहे आणि निकाल काहीही लागो, आपण तो आनंदाने मान्य करू. निकाल काय लागणार ते त्याला आधीच कळलेलं होतं. एवढंच नाही, तर पेनसिल्व्हेनियाच्याच न्यायमूर्ती ग्रिअर यांनी बहुमताबरोबर जावं म्हणून त्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. दोन दिवसांनी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याचा निकाल आला: कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. पुढे कॅन्ससवर गुलामगिरीची राज्यघटना लादण्यासाठी त्याने स्वतःच्या पक्षातल्या स्टीफन डग्लसशी वैर घेतलं. कॅन्ससच्या लोकांनी ऑगस्ट १८५८ मध्ये ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी ते नाकारलं.

आणि लिंकन निवडून आल्यावर, डिसेंबर १८६० च्या संदेशात, ब्यूकॅननने सांगितलं की फुटून निघणं बेकायदा आहे, पण फुटणाऱ्या राज्यावर बळ वापरण्याचा अधिकार सरकारला नाही. पदाला अधिकारच नव्हता, हे बरोबर नाही. १८३२ साली याच दक्षिण कॅरोलिनाने केंद्राचा कायदा धुडकावला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने बळ वापरण्याची तयारी दाखवली होती. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलरनेही फुटण्याच्या धमक्यांना भीक घातली नव्हती. हे दोघेही स्वतः गुलामांचे मालक होते.

‘जकातीमुळे आणि राज्यांच्या हक्कांसाठी’

१८५७ मध्ये ठरलेले जकातीचे दर कित्येक दशकांतले सर्वांत कमी होते. ज्या वाढीव जकातीकडे बोट दाखवलं जातं, ती मॉरिल जकात मार्च १८६१ मध्ये मंजूर झाली. तोवर सात राज्यं फुटलेली होती आणि त्यांचे सिनेटर उठून गेल्यामुळेच ती मंजूर होणं सोपं झालं. तिच्यावर सही ब्यूकॅननची आहे.

कारण काय ते फुटणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मिसिसिपीच्या घोषणेत सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दक्षिण कॅरोलिनाची मुख्य तक्रार अशी की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे राग आला होता तो उत्तरेतल्या राज्यांनी आपले हक्क वापरल्याचा. फुटीर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथे म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला आहे.

त्या काळच्या जगालाही हे माहीत होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटले म्हणूनच.

‘ब्रिटनसारखे पैसे देऊन सोडवता आले असते’

हा मुद्दा मांडणाऱ्यांनी डेलावेअरची हकिगत जरूर वाचावी. ब्रिटनने १८३३ मध्ये मालकांना २ कोटी पौंड भरपाई कबूल केली, हे खरं आहे. लिंकननेही नेमका तोच मार्ग आधी धरला. संघराज्यात राहिलेलं डेलावेअर हे गुलामगिरी असलेलं सर्वांत लहान राज्य होतं आणि तिथे १,७९८ गुलाम होते. नोव्हेंबर १८६१ मध्ये लिंकनने त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याच्या, भरपाईसह मुक्ततेचा मसुदा तयार केला. माणशी ४०० डॉलर धरले तर सगळा खर्च युद्धाच्या अर्ध्या दिवसाच्या खर्चाहूनही कमी होतो, असा हिशेब त्याने पुढे पत्रात मांडला. डेलावेअरच्या विधिमंडळात या मसुद्याला पुरेसा पाठिंबाच मिळाला नाही. १२ जुलै १८६२ रोजी त्याने सीमेवरच्या, म्हणजे गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या, राज्यांच्या प्रतिनिधींना बोलावून पुन्हा विनवलं. बहुतेकांनी नकार दिला. जिथे जेमतेम अठराशे माणसांचा प्रश्न होता तिथे विकायला कुणी तयार नव्हतं, मग मिसिसिपी आणि अलाबामा कुठून तयार होणार होते?

‘लिंकनला गुलामगिरीचं देणंघेणं नव्हतं’

यासाठी होरेस ग्रीली या संपादकाला २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिहिलेलं पत्र पुढे केलं जातं. एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन, असं त्यात आहेच. पण सगळीकडचे सगळे लोक मुक्त असावेत ही माझी वैयक्तिक इच्छा बदललेली नाही, असं शेवटी लिहिलेलं आहे आणि ते वाक्य गाळलं जातं. शिवाय मुक्ततेचा मसुदा त्याने मंत्रिमंडळाला २२ जुलैलाच वाचून दाखवला होता. एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, हा परराष्ट्रमंत्री सुअर्डचा सल्ला मानून तो थांबला होता. पत्रातून तो लोकांची मनं तयार करत होता, असं मला वाटतं.

त्याच्यात उणिवा होत्या, त्या झाकायचं कारण नाही. १८५८ मध्ये त्याने भर सभेत सामाजिक समतेला विरोध दर्शवला. मुक्त झालेल्या लोकांना देशाबाहेर वसवण्याची कल्पना त्याने बराच काळ सोडली नाही. आहे तिथली गुलामगिरी कायम ठेवणाऱ्या घटनादुरुस्तीला त्याने शपथविधीच्या भाषणात हरकत घेतली नाही. पण नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देण्यावर तडजोड नाही, हे त्याने पद हाती येण्याआधीच, डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर ट्रंबुलला ठाम लिहिलं होतं. आधीच्या तिघांनी हीच एक गोष्ट केली नव्हती. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८७६ मध्ये म्हणाला की गुलामगिरीविरोधकांच्या नजरेने लिंकन मंद आणि थंड दिसतो, पण देशाच्या तेव्हाच्या भावनेशी तुलना केली तर तो वेगवान आणि निश्चयी होता. मला यापेक्षा न्याय्य मोजमाप सापडलेलं नाही.

‘जाहीरनाम्याने एकही माणूस सुटला नाही’

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फुटलेल्या भागांपुरता होता, कारण त्याचा आधार सेनापती म्हणून असलेला युद्धकाळातला अधिकार होता. पण दक्षिण कॅरोलिनाची सागरी बेटं तेव्हाच संघराज्याच्या सैन्याकडे होती. तिथले हजारो लोक त्याच दिवशी मुक्त झाले. पुढे सैन्य जसं सरकलं तशी मुक्ती सरकली. याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याचं दार उघडलं आणि सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले.

ऑगस्ट १८६४ मध्ये निवडणूक हातची जाते असं दिसत होतं. मुक्ततेची अट सोडा, म्हणजे शांतता होईल, असा दबाव आला. लिंकनने अट सोडली नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी संपवणारी १३ वी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, दोन तृतीयांशांपेक्षा फक्त दोन मतं जास्त. पुढच्याच महिन्यात डेलावेअरच्या विधिमंडळाने ती फेटाळली. तिथे उरलेले गुलाम सुटले ते डिसेंबर १८६५ मध्ये, इतर राज्यांच्या मंजुरीने ती देशभर लागू झाली तेव्हाच, आणि मालकांना एक डॉलरही मिळाला नाही.